ताई, आमच्या वर्गात एकीच नाहीये

पत्र:

"ताई नमस्ते. मी मराठवाड्यातल्या एका छोट्या गावच्या हायस्कूलला दहावीत आहे आणि वर्गाची मॉनिटर आहे. आमच्या वर्गात फक्त २१ जण आहेत तरी एकी नाही. गावातले १० आणि बाहेरून वाडीवरून, तांड्यावरून येणारे ११, असे सरळ दोन भाग पडलेत. जानेवारीत आमचं शेवटचं गॅदरिंग आहे म्हणून मला वाटतं सगळ्यांनी मिळून एक ग्रुप डान्स करावा. शाळा सुटल्यावर ५ वाजता प्रॅक्टिस ठेवते तर बाहेरचे कोणी थांबतच नाहीत, मुली तर घंटा झाली की बसकडे पळतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं तर निम्मे बघत पण नाहीत. ड्रेससाठी २०० रुपये वर्गणी काढली, ८ जणांनीच दिली. एक मुलगा तर कशातच नसतो, शेवटच्या बाकावर गप्प बसतो, त्याचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेत आणि तो आजीजवळ असतो. माझी बेस्ट फ्रेंड म्हणते सोड त्यांना, आपण दहा जण करू. मी नाही म्हटलं तर ती पण बोलेना. बाकीचे मला सरांची चमची म्हणतात. एक सर रोज म्हणतात नववी बघा कशी एकजूट आहे, तुमची म्हणजे शाळेतली सगळ्यात भंगार बॅच. तालुक्याला खो-खोत हरलो तेव्हापासून मुलं पण एकमेकांशी धड बोलत नाहीत. वर्षभरात एकच दिवस चांगला गेला, ५ सप्टेंबर, त्या दिवशी मी हेडमास्तर होते आणि तो शेवटच्या बाकावरचा मुलगा शिपाई होता, बाकी नुसती भांडणं. मी काय करू? मॉनिटरपद सोडून देऊ का?

– पहिल्या बाकावरची"

अगं पोरी, आधी मला एक सांग, ती बस किती वाजता सुटते?

एवढं मोठं पत्र लिहिलंस, कोण बोलत नाही, कोण पैसे देत नाही, कोण चमची म्हणतं, सगळं लिहिलंस पण बसची वेळ काही लिहिली नाहीस आणि मला वाटतं तुझं निम्मं उत्तर तिथंच आहे. ती बहुतेक सरकारच्या मानव विकास मिशनची निळी बस असणार, आठवी ते बारावीच्या मुलींना फुकट घरापासून शाळेपर्यंत नेणारी, राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत चालते ती. आणि निळी नसून साधी लाल एसटी असली तरी गोष्ट तीच, पास फुकट असला म्हणून बस थोडीच दुसरी येते. ५ ला शाळा सुटते, पाच-दहा मिनिटांत बस हलते आणि ती गेली की मग अंधारात चालत जा नाहीतर वडलांना फोन करून गाडी घेऊन बोलव. वडील पहिल्यांदा येतात, दुसऱ्यांदा पण येतात, तिसऱ्यांदा म्हणतात कशाला पाहिजे ती शाळा. एवढं सगळं त्या मुलीला माहीत असतं म्हणून ती पळते. तुमच्या डान्सपासून नाही पळत ती. आणि तुम्ही गावातल्या दहा जणींनी-जणांनी, ज्यांचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यांनी तिला 'इंटरेस्टच नाही' असं लेबल लावून टाकलं.

रागावू नको, मी पण हेच केलंय, पुढे सांगते.

आता ५ सप्टेंबर. तू ते एका ओळीत उडवलंस पण मला पूर्ण पत्रात तीच ओळ सगळ्यात भारी वाटली. स्वयंशासन दिनाला तू हेडमास्तर होतीस म्हणजे साडी नेसून ऑफिसात बसली असशील, कुणी गणिताचा तास घेतला असेल, कुणी पाचवीच्या वर्गावर जाऊन ओरडला असेल, आणि तो शेवटच्या बाकावरचा शिपाई, म्हणजे दिवसभर घंटा त्याने दिली. बरोबर ना? त्या दिवशी तुमचे वाडीवाले गाववाले असे दोन भाग कुठे गेले होते? मी सांगते काय झालं. सगळं शाळेच्या वेळेत झालं, म्हणजे बसचा प्रश्न आला नाही. कुणाकडून पैसे मागितले नाहीत. आणि २१ च्या २१ जणांना काहीतरी काम होतं, कारण शाळाच छोटी, पाचवी ते दहावी सगळे वर्ग सांभाळायचे, ऑफिस, घंटा, पाणी, परिपाठ, तर २१ जण सुद्धा कमीच पडले असतील. मोठ्या शाळेत ६०-७० पोरांच्या वर्गात पाच-सहा जण शिक्षक होतात आणि बाकीचे बाकावर बसून टवाळ्या करतात. तुमच्याकडे ती सोयच नव्हती, प्रत्येकजण लागणारच होता.

एखाद्याला कळलं ना की आपण नसलो तर घंटा होणार नाही, की तो येतो. आपण नसलो तरी डान्स होणारच आहे हे कळलं की तो कशाला थांबेल, आणि ते सुद्धा बस सोडून.

तर एकी आणायची म्हणून डान्स करायचा हे डोक्यातून काढ असं मी म्हणत नाही, डान्स कर, पण डान्समध्ये २१ जण नाचायलाच पाहिजेत हे काढ. माझ्या मते निम्म्या पोरांना नाचायचंच नसतं, दहावीतल्या मुलांना तर अजिबातच नाही, मिशा फुटायच्या वयात सगळ्या गावासमोर कंबर हलवायची म्हणजे शिक्षाच. गॅदरिंगला नाचणाऱ्यांपेक्षा न नाचणाऱ्यांचं काम जास्त असतं गं. पडदा कोण ओढणार, गाणं कोण लावणार (आणि ते मध्येच अडकलं तर काय करणार, दरवर्षी अडकतंच), निवेदन कोण करणार, पाहुण्यांना स्टेजपर्यंत कोण आणणार, पाचवीच्या पोरांना ओळीत कोण बसवणार, रांगोळी, फलक, स्टेजमागे पिना आणि सुईदोरा घेऊन कोण उभं राहणार. एका पानावर ही सगळी कामं लिही आणि पुढे नाव तू लिहू नको, पान वर्गात फिरव, ज्याला जे पाहिजे ते त्याने लिहावं. बघ कोण काय घेतं. मला वाटतं तुला धक्का बसेल.

प्रॅक्टिस मधल्या सुट्टीत आणि ऑफ तासाला. ग्रामीण शाळेत ऑफ तास असतोच, एक ना एक सर मीटिंगला तालुक्याला गेलेले असतात, नाहीतर कुठल्यातरी ऑनलाइन माहितीत अडकलेले असतात. वर्गशिक्षकांना जाऊन सरळ सांग की सर, ५ नंतर ठेवलं तर बसने जाणाऱ्या मुली येऊ शकत नाहीत, आम्हाला शनिवारी सकाळच्या शाळेनंतर नको, शाळेतच वीस मिनिटं द्या. वीस मिनिटं रोज पुरतात. आणि जानेवारीत तुमची पूर्वपरीक्षा पण असते हे विसरू नको, त्याच्यापुढे तोंडी, प्रॅक्टिकल आणि मग बोर्ड. एक महिना रोज तासभर नाचायची वेळ दहावीला नाहीच मुळी.

व्हॉट्सअ‍ॅपचं तर सोडूनच दे. २१ जणांच्या वर्गाला ग्रुप कशाला लागतो मला कळत नाही, तुम्ही सगळे सकाळी ११ वाजता एकाच खोलीत असता. ज्यांनी मेसेज बघितला नाही त्यांच्यातल्या कितीजणांकडे स्वतःचा फोन आहे? घरात एक फोन, तो वडलांच्या खिशात, वडील रानात, रात्री ९ ला घरी येणार तोपर्यंत नेटपॅक संपलेला. तुमच्या ग्रुपवर रात्री ठरतं आणि सकाळी निम्म्या वर्गाला कळतं की काहीतरी ठरलंय, आपल्याला सोडून. त्यापेक्षा फळ्याचा उजवा कोपरा चौकट मारून घे, वर 'पुसू नये' लिही आणि जे काय असेल ते तिथे लिही, ते सगळ्यांना एकाच वेळी कळतं.

आता वर्गणी. इथे मी माझीच गोष्ट सांगते कारण ती अजून मला टोचते.

माझ्या दहावीला आम्ही २३ जण होतो, असंच छोटं हायस्कूल, पत्र्याचे दोन वर्ग. सेंडऑफला शाळेला भेट द्यायची म्हणून वर्गणी ठरली आणि हिशोबाची वही माझ्याकडे, कारण माझं अक्षर चांगलं. मला त्या वहीचा भलताच माज होता. डाव्या बाजूला नाव, उजव्या बाजूला लाल पेनाने बरोबरची खूण. शेवटचे चार जण राहिले तर मी काय करावं, परिपाठ झाल्यावर पूर्ण वर्गासमोर ती चार नावं वाचून दाखवली, अगदी शिक्षिका वाचते तशी, आणि वर म्हटलं की यांच्यामुळे आपलं अडलंय. त्यातल्या तिघांनी दुसऱ्या दिवशी आणून दिले. चौथी मुलगी माझ्या मागच्या बाकावर बसायची, माझ्या वेणीला गाठी मारायची, तिने मान खाली घालून वहीत काहीतरी लिहायला घेतलं, मी वळून बघितलं तर ती नुसती रेघा मारत होती. ती सेंडऑफला आली नाही. फोटोत आम्ही २२ जण आहोत. नंतर परीक्षेच्या सेंटरवर दिसली, मी हसले, तिने बघितलं आणि पाणी प्यायला निघून गेली.

आणि एवढं करून आम्ही शाळेला काय दिलं तर भिंतीवरचं घड्याळ. खाली मोठ्या अक्षरात 'सप्रेम भेट, इयत्ता १० वी'. काही वर्षांनी शाळेत गेले होते तर ऑफिसात ओळीने पाच घड्याळं, पाच बॅचची, पाचही वेगवेगळ्या वेळेला बंद पडलेली. सेल कुणी घालायचे यावर एकमत नसावं.

त्यामुळे २०० रुपये परत दे त्या ८ जणांना. हो, परत. ड्रेस भाड्याने आणायचा हट्ट सोडा, शाळेचा युनिफॉर्म सगळ्यांकडे आहे, त्यावर एकसारखी ओढणी नाहीतर फेटा, घरोघरी असतं. आणि सेंडऑफच्या भेटीला पैसे काढायचेच असतील तर एक डबा ठेवा, झाकणाला चीर पाडून, ज्याला जमेल तेवढं तो टाकेल, नावाची वही नको. कमी जमले तर कमी किमतीची वस्तू द्या. नाहीतर काहीच विकत आणू नका, दोन दिवस बसून लायब्ररीची फाटलेली पुस्तकं चिकटवून द्या, हेडमास्तर जास्त खुश होतील. (नाही झाले तर मला सांग.)

तुझ्या त्या बेस्ट फ्रेंडचं. ती वाईट नाहीये, ती कंटाळलीये. तिला सुंदर नऊ-दहा जणांचा डान्स पाहिजे आणि तू तिला २१ जणांचा गोंधळ देतेयस. तिला म्हण, डान्स तू बसव, तुझ्याच पद्धतीने, पण माणसं त्या पानावरून घ्यायची, ज्यांनी नाव लिहिलंय त्यांच्यातून, गावातले-बाहेरचे असं बघायचं नाही. हे ऐकून ती बोलायला लागेल, चार दिवस जातील कदाचित, जाऊ देत.

इथे एक गोष्ट विचारते, अवघड आहे पण विचारते. गावातले आणि वाडी-तांड्यावरचे हे दोन भाग नुसते बसमुळे पडलेत का? का डबा खाताना कोण कुणाजवळ बसतं, कोण कुणाच्या बाटलीचं पाणी पितं, यावरून आधीच पडलेले होते आणि बस फक्त निमित्त झाली? तू लिहिलं नाहीयेस, मी तुझ्यावर आरोप करत नाहीये, पण आपल्याकडे गाव आणि वस्ती यांच्यामध्ये नुसतं अंतर नसतं हे तुला पण माहितीये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं, त्यात सगळ्या जातीची पोरं एकत्र ठेवली, एकाच पंगतीत जेवायची आणि कामं पण मिळून करायची, तेव्हाच्या काळात लोकांना हे पचणं किती अवघड गेलं असेल विचार कर. तुला बोर्डिंग काढायचं नाहीये. तू फक्त उद्या डबा घेऊन दुसऱ्या घोळक्यात जाऊन बस. काही बोलू नको, भाषण तर अजिबात देऊ नको, नुसतं बस आणि जेव. सलग आठवडाभर. पहिल्या दिवशी ते लोक गप्प होतील, दुसऱ्या दिवशी विचारतील काय गं इकडे कशी.

खो-खोचं वाचून मला हसू आलं, सॉरी. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो वर्ल्डकप झाला, भारताच्या मुली पण जिंकल्या आणि मुलं पण, मुलींची कॅप्टन प्रियंका इंगळे आपल्या महाराष्ट्राची, आणि तुमचे पोरगे तालुक्याला हरले म्हणून तोंड फिरवून बसलेत. मुलांचं जाऊ दे, ते एक दिवस मैदानावर जाऊन परत खेळले की मिटतं, मुलांचं असंच असतं, तू मध्ये पडू नको. पण मला त्या खेळातला नियम तुझ्या शेवटच्या बाकावरच्या मुलासाठी पाहिजे होता. खो-खोत चौकोनात बसलेला खेळाडू कितीही चपळ असू दे, मागून पाठीला हात लावून कुणी 'खो' म्हटल्याशिवाय तो उठूच शकत नाही, उठला तर फाउल. आणि शेजारचे दोघं उलट्या दिशेला तोंड करून बसलेले असतात, एकमेकांचं तोंड पण दिसत नाही. तुमचा वर्ग सध्या असाच बसलाय बघ. तो मुलगा कशातच नसतो असं तू लिहितेस, त्याला खो कुणी दिला? ५ सप्टेंबरला दिला होता, तर दिवसभर घंटा वाजवली की त्याने. बाकी वेळी आपण काय करतो, खो देण्याऐवजी खो घालतो.

त्याच्याकडे जरा जवळून बघ. आईवडील ऊसतोडीला म्हणजे मार्चपर्यंत तरी येत नाहीत, कारखाना चालू असेपर्यंत. घरी आजी, कदाचित लहान भावंड, शेळी-बिळी असेल, सकाळचं पाणी त्यानेच भरायचं, संध्याकाळी सरपण. आईवडील येईपर्यंत याची बोर्डाची परीक्षा होऊन जाईल, पेपरला जाताना दही-साखर हातावर ठेवायला घरी आजीच. तो गप्प बसतो कारण त्याला झोप येत असेल गं. त्याला डान्सला विचारू नको, वर्गणी तर विचारूच नको. त्याची हजेरी किती भरतेय ते वर्गशिक्षकांना विचार, कारण बोर्डाला ७५ टक्के लागते, आणि जर्नल पूर्ण आहेत का ते बघ, अंतर्गतचे २० गुण तिथेच जातात. अपुरे असतील तर तुमच्यातल्या दोघा-तिघांनी आपापल्या वह्या दोन दिवस त्याला द्या, देताना 'घे बिचाऱ्या' असा चेहरा करायचा नाही. आणि ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे, त्याला लहान भाऊ-बहीण असेल तर त्यांना उपयोग होईल, ते तुझं काम नाही पण सरांच्या कानावर घाल, समाजकल्याणच्या ऑफिसात चौकशी ते करतील.

सर 'भंगार बॅच' म्हणतात त्याबद्दल. प्रत्येक शाळेत एक सर असतात ज्यांना मागची बॅच सोन्याची आणि पुढची बॅच चांदीची वाटते, समोरची कायम भंगार. नववीला पण पुढच्या वर्षी तेच ऐकायचंय. मनावर घेऊ नको. पण खरंच रोज बोलत असतील तर तू आणि अजून दोघं, त्यातला एक तरी वाडीवरचा, असे तिघं मिळून स्टाफरूममध्ये जा आणि नीट म्हणा की सर, असं म्हटलं की पोरं अजून फुटतात, आम्हाला एखादं काम सांगा त्यापेक्षा. एकटी जाऊ नको, एकटी गेलीस की चमचीचा शिक्का पक्का.

चमचीवरून आठवलं. तुला चमची का म्हणतात माहितीये का, कारण बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहून सरांना दाखवायचं काम तुझ्याकडे असणार. ते बंद कर. दहावीच्या पोरांची नावं फळ्यावर लिहायला आपण काय चौथीत आहोत का. सर विचारतील नावं कुठेत, तर म्हण सर गोंगाट सगळ्यांचाच होता, माझा पण. एक दिवस ओरडा बसेल, तो खा. त्या एका ओरड्याने जे काम होईल ते दहा डान्सने नाही होणार, मॉनिटरला पहिल्यांदा ओरडा बसलेला वर्ग आयुष्यभर लक्षात ठेवतो.

मॉनिटरपद सोडू नको. तीन महिने राहिलेत, सोडलंस तर नवीन मॉनिटर कोण यावर नवीन भांडण सुरू होईल.

सगळ्यांशी मैत्री होणार नाही, ते पण सांगून ठेवते. २१ मधल्या पाच-सहा जणांशी तुझं आयुष्यात कधी पटणार नाही आणि काही बिघडत नाही. आमच्या २३ मधल्या दोघांशी मी शाळेत एक शब्द बोलले नव्हते, त्यातला एक अजूनही गावी गेलं की स्टँडवर बॅग उचलायला पुढे येतो, अजूनही काही बोलत नाही.

तर सोमवारी दोनच गोष्टी. बसची वेळ फळ्याच्या त्या कोपऱ्यात लिही, सगळ्यात वर. आणि कामांचं पान फिरवशील तेव्हा ते पहिल्या बाकापासून सुरू करू नको, शेवटच्या बाकापासून सुरू कर, म्हणजे पडदा, घंटा, गाणी यातलं काय पाहिजे ते त्याला आधी घेता येईल. पान तुझ्यापर्यंत येईल तेव्हा जे उरलं असेल ते तू घे. पिना आणि सुईदोरा उरेल बहुतेक.